नववी ‘ड’ला कोण शिकवतं?

श्रोतेहो, नमस्कार.

माध्यमिक शाळेचं नेतृत्व म्हटलं की आपल्याला स्नेहसंमेलन आठवतं. मुख्याध्यापक माइकपुढे उभे आहेत, पाहुण्यांचा परिचय, शाल, नारळ, मग अहवालवाचन. मला आज तुम्हाला शाळेच्या कार्यालयात न्यायचं आहे. तिथे भिंतीवर एक मोठा तक्ता असतो. पूर्वी तो पट्टीने रेघा मारून लाल-निळ्या शाईने भरायचे, आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर होतो. शाळेचं वेळापत्रक. जूनमध्ये वर्ग भरायच्या आधी मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक दार लोटून घेऊन हा तक्ता जुळवत बसतात. माझी सगळी नोकरी शाळेत गेली. एखाद्या मुख्याध्यापकाच्या मनात शाळेबद्दल काय आहे, हे मी त्याच्या भाषणावरून ओळखायला गेलो नाही, वेळापत्रकावरून ओळखत आलो.

दहावी ‘अ’च्या रकान्यात गणिताला कोण आहे, ते आधी बघायचं. शाळेतले सगळ्यात मुरलेले सर तिथे सापडतात. मग बोट खाली नववी ‘ड’वर आणायचं. तिथे नुकत्याच रुजू झालेल्या बाई असतात, किंवा तास कमी पडले म्हणून भूगोलाच्या सरांना गणित दिलेलं असतं. कधी तर रकान्यात नावच नसतं, ‘रिक्त’ असं लिहिलेलं असतं आणि तो तास वर्षभर बदली तास म्हणून चालतो. पोरांच्या भाषेत ऑफ पिरियड. त्यातून वर्ग वरच्या मजल्यावर पत्र्याखाली. फेब्रुवारी सरला की सोलापुरात पत्र्याखाली दुपारी बीजगणित शिकवणं म्हणजे काय, हे ज्यानं शिकवलंय त्यालाच ठाऊक. सकाळची शाळा सुरू होईपर्यंत तिथे शिकणारा आणि शिकवणारा, दोघंही घड्याळाकडे बघत असतात.

हे कुणी दुष्टपणे करत नाही. पण तुकड्या मार्कांवर पाडल्या की ‘ड’मध्ये कोण जमतं, ते बघा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळांत मुलाच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात घरी कन्नड. काही घरांत उर्दू. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, आणि चौदा वर्षांची मुलगी शाळेतून आली की सूप मांडीवर घेऊन आईच्या शेजारी बसते. या मुलांना गणित येत नाही असं आपण म्हणतो. गणिताचा पेपर काढून त्यातली शाब्दिक उदाहरणं त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. बरीच मुलं आकडेमोडीपर्यंत पोहोचतच नाहीत, वाक्यातच अडकतात. हे फक्त आपल्याकडचं नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी झालेल्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. त्यातल्या साधारण चौथाई मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारासुद्धा अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता. म्हणजे ज्या वर्गाला सगळ्यात अनुभवी माणूस हवा, त्याच वर्गाला आपण उरलासुरला माणूस देतो.

आणि हे नववीतच का टोचतं? आठवीपर्यंत मूल वर्षानुवर्षं आपोआप वरच्या वर्गात जात राहिलं, पाचवी-आठवीला मागे ठेवण्याचा नियम आला तो अलीकडे, २०२३ मध्ये. दहावीला मंडळाची परीक्षा. मधे नववी. तिथे शाळेच्या हातात चाळणी येते.

आता जरा कडू बोलतो. दहावीचा निकाल लागला की आपल्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, ‘निकाल शंभर टक्के, उज्ज्वल यशाची परंपरा’. त्यातल्या काही शाळा खरोखर राबलेल्या असतात, त्यांना माझा नमस्कार. पण काही ठिकाणी ते शंभर टक्के वर्षभर आधीच, नववीच्या निकालाच्या दिवशी ठरलेले असतात. कच्च्या मुलाच्या पालकाला बोलावून घ्यायचं, गोड बोलायचं, ‘याला झेपणार नाही, तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ सतरा नंबर म्हणजे खाजगीरीत्या दहावीला बसण्याची सोय. शाळा सुटलेल्या, काम करणाऱ्या माणसाला परत परीक्षेला बसता यावं म्हणून ती आहे, आणि ती चांगलीच सोय आहे. कितीतरी जणांचं त्यानं भलं झालंय. पण पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याचं नाव अजून शाळेच्या पटावर आहे, त्याला त्या दारानं बाहेर काढणं वेगळं. मंडळ नियमित आणि खाजगी विद्यार्थ्यांचे निकाल वेगळे मोजतं. फ्लेक्सवर झळकते ती नियमितांची टक्केवारी. तो मुलगा पुढे परीक्षेला बसला की नाही, हे शाळेत कुणी विचारतसुद्धा नाही.

अशा वेळी मुख्याध्यापक ‘नाही’ म्हणतो की नाही, हे मी नेतृत्व समजतो. माइकपुढे कसं बोलतो, ते नंतर.

पण त्याला नाही म्हणणं का जड जातं, तेही बघायला हवं. नुसतं बोट दाखवून भागायचं नाही.

एक तर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ते. ३० सप्टेंबरचा पट हा आपल्या शाळांतला धसक्याचा शब्द. पटावर किती मुलं, त्यातल्या किती जणांचं आधार जुळलंय, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. पट घसरला की कुणीतरी अतिरिक्त ठरतो, मग त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या तालुक्यात. त्यामुळे मुख्याध्यापकाला पट टिकवण्यासाठी निकाल लागतो, निकालासाठी फ्लेक्स, आणि फ्लेक्ससाठी ती चाळणी. गंमत अशी की ज्या मुलाला नववीत गाळलं, तोही पटावरचा एक आकडाच होता. हा हिशेब कुणी मांडून बघत नाही.

दुसरं म्हणजे मुख्याध्यापक होतो कसा. खाजगी अनुदानित शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. पदवी आणि बी.एड., किमान पाच वर्षांचं अध्यापन, त्यातली दोन बी.एड.नंतरची, एवढी पात्रता आणि समाधानकारक कामाची नोंद असली की मग सेवाज्येष्ठता. ज्येष्ठतेच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ती नसती तर संस्थाचालकांच्या पुतण्या-भाच्यांनी खुर्च्या केव्हाच भरल्या असत्या, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. पण निवृत्ती अठ्ठावन्नला. मोठ्या संस्थेत ज्येष्ठतेच्या यादीत वर सरकत सरकत माणूस खुर्चीवर येतो तेव्हा पुष्कळदा हातात दोन-तीन वर्षंच उरलेली असतात. पहिलं वर्ष सेवापुस्तकं, वेतनेतर अनुदान, लेखापरीक्षणाचे मुद्दे समजून घेण्यात जातं, आणि ते समजावून सांगतो कोण, तर कार्यालयातला लिपिक. शेवटचं वर्ष स्वतःच्या पेन्शनच्या कागदांत. तीस वर्षं उत्तम इतिहास शिकवलेल्या माणसाला आपण एका सोमवारी किल्ल्यांचा जुडगा देतो आणि म्हणतो, चालवा शाळा.

आणि कागद किती! शालार्थमधलं वेतन देयक, यूडायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर भरायची माहिती, पोषण आहाराचा रोजचा हिशेब, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ते वाक्य, ‘सदर माहिती आजच्या आज सादर करावी.’ शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. निवडणुकाच इतक्या असतात की त्या ‘सोडल्या तर’मध्ये अर्धं वर्ष बसतं. असो.

मात्र कागदांमुळे शिकवण्याकडे बघता येत नाही, हे गाऱ्हाणं मला अर्धंच पटतं. माझ्या माहितीतल्या एका मुख्याध्यापिका बाईंचं उदाहरण देतो. शाळा शहराच्या पूर्वेकडची, नाव नको. त्यांनी हजेरीपट हा कागद नुसता सही करून पुढे ढकलला नाही. वर्गशिक्षकांना सांगितलं, गैरहजर मुलापुढे कारण लिहा, एका शब्दात. महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. ठरावीक दिवसांनी मुलींची हजेरी एकदम घटायची. तो गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस! सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते भरायला घरातली मोठी मुलगी थांबते. काही मुली आईबरोबर विड्या द्यायला कारखान्यात जायच्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर अर्धा वर्ग होम मैदानावर. ऊसतोडीच्या हंगामात ग्रामीण शाळांतलं कारण आणखी वेगळं.

बाईंनी यावर भाषण दिलं नाही. घटक चाचण्या पाण्याच्या दिवसांवरून हलवल्या. त्या दिवशी नवा धडा सुरू करायचा नाही, उजळणी घ्यायची, असं ठरवलं. सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात सराव परीक्षा ठेवायचा वार्षिक नियोजनातला जुना प्रघात त्यांनी मोडला. पोरं यात्रेला जाणारच, आपणही गेलो होतो. सगळे निर्णय कार्यालयात बसून, हजेरीपटाच्या आधारावर घेतलेले. याला प्रशासन म्हणायचं की नेतृत्व? मला तरी यात रेघ ओढता येत नाही.

त्याच बाईंनी केलेली दुसरी गोष्ट जास्त धाडसाची होती. वेळापत्रकात नववी ‘ड’चं मराठी त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि दहावी ‘अ’च्या गणिताच्या सरांना नववी ‘ड’चं गणितही दिलं. शिक्षकखोलीत कुजबुज झाली, संस्थेच्या सचिवांकडे तक्रार गेली. ‘अ’ तुकडीचे पालकही आले. पण मुख्याध्यापिका स्वतः त्या वर्गावर जातायत म्हटल्यावर सरांना फार बोलता येईना. खुर्चीवर बसून ‘कच्च्या मुलांकडे लक्ष द्या’ असं परिपत्रक काढलं असतं, तर सगळ्यांनी सह्या केल्या असत्या आणि काही बदललं नसतं.

याला संशोधनाचा आधारही आहे. न्यूझीलंडमधल्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, की मुख्याध्यापकाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर जास्त परिणाम होतो. सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि स्वतः त्यात भाग घेणं. त्यातला दुसरा भाग आपण विसरतो. आपल्याकडे प्रशिक्षणाला मुख्याध्यापक उद्घाटनापुरते थांबतात, दीपप्रज्वलन करतात आणि ‘मीटिंग आहे’ म्हणून निघून जातात.

वर्गनिरीक्षणाचं तसंच. लॉगबुकात ‘पाठ समाधानकारक, फलकलेखन चांगले’ असं लिहिलेलं असतं, सगळ्यांच्या नावापुढे, वर्षानुवर्षं तेच. मी म्हणतो, फळ्याकडे बघूच नका. मागच्या बाकावर बसा आणि शेजारच्या मुलाची वही बघा. वीस मिनिटांत त्यानं काय लिहिलं, काय खोडलं, कुठे नुसतं उतरवून घेतलं. तास संपल्यावर शिक्षकाशी त्या वहीबद्दल बोला. ‘तुमचं चुकलं’ म्हणायची गरजच पडत नाही. वहीच काय ते सांगते.

आपल्या जिल्ह्याला शिक्षणातला मोठा मान मिळालेला आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्याचा अभिमान आहेच. पण परितेवाडीची ती जिल्हा परिषदेची छोटी प्राथमिक शाळा. तीस-चाळीस शिक्षकांच्या माध्यमिक शाळेत एकट्या हिऱ्यासारख्या शिक्षकानं भागत नाही. तिथे गणिताचे सर आणि मराठीच्या बाई एकाच मुलाबद्दल एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न असतो. त्यांनी बोलावं म्हणून दोघांचाही एखादा तास एकाच वेळी मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे पुन्हा वेळापत्रकच.

संस्थाचालकांना एकच सांगेन. शाळा समितीत मुख्याध्यापक हा पदसिद्ध सचिव असतो, तुमचा चहापाणी बघणारा व्यवस्थापक नव्हे. प्रवेश, नेमणुका, खरेदी यांत त्याला बाजूला ठेवायचं आणि निकाल घसरला की त्यालाच उभं करायचं, हे बरोबर नाही. शक्य असेल तिथे पुढच्या ज्येष्ठ शिक्षकाला निदान वर्षभर आधी कार्यालयाच्या कामात सोबत घ्या. म्हणजे त्याचं पहिलं वर्ष लिपिकाच्या मागे फिरण्यात जाणार नाही.

आणि पालकांना. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. अनुदानित शाळांत तिचं काम सल्ल्यापुरतंच आहे, पण सल्ला द्यायला कुणी अडवलेलं नाही. नववी-दहावीच्या पालकांसाठी पालक-शिक्षक संघाची सभा असते. सभेत आपण गणवेश, सहल आणि फी यांवर तासभर बोलतो. या वर्षी वेळापत्रक मागून घ्या. आपल्या मुलाच्या तुकडीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी कोण शिकवतं, ते वाचा. रिकामी जागा असेल तर ती किती दिवसांपासून आहे आणि तोवर तास कोण घेतंय, हे विचारा. मुलगा ‘अ’मध्ये असेल, तरी ‘ड’चा रकाना वाचा. आणि नववीच्या निकालाला कुणी सतरा नंबरचा फॉर्म पुढे केला, तर लगेच सही करू नका. मुख्याध्यापकांना भेटा. मुलाला कोणत्या विषयात काय येत नाही, हे वहीवर दाखवायला सांगा, आणि जूनपासून त्या विषयाला त्याच्या वर्गावर कोण येणार आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

नमस्कार.