अर्धं कातडं, सहा वाटेकरी

(दृश्य : पुणे, रविवार सकाळ. गच्चीवर अंथरलेलं कातडं. खडूच्या रेघा.)

हे म्हशीचं कातडं. अख्खं नाही, अर्धं. कण्यावरून उभं कापलेलं. बाजारात याला ‘साइड’ म्हणतात. वीस चौरस फुटांच्या आसपास भरतं आणि एका पाकिटाला लागतं जेमतेम एक फूट. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी पट्टे-पाकिटं शिवणाऱ्या माणसानं हे एकट्यानं घेतलं, तर दोन वर्षं पलंगाखाली पडून राहील आणि पावसाळ्यात बुरशी धरेल. आमची ओळख वाढली ती यामुळेच. आम्हाला एकमेकांशिवाय कातडं परवडत नव्हतं.

सहा जण आहोत. एक शाळेत शिकवते, एक जण सुतारकाम जाणतो, मी बँकेत आहे. पाठीचा भाग सगळ्यांनाच हवा असतो. तो दाट आणि एकसारखा असतो, पट्ट्याला त्याच्यासारखं काही नाही. पोटाकडचं ढिलं, ओढलं की लांबतं. म्हणून एक वही ठेवली आहे. मागच्या खेपेला पोट कोणाच्या वाट्याला आलं, ते तिच्यात लिहिलेलं असतं.

(दृश्य : धारावी. चामड्याच्या दुकानांची रांग. गुंडाळ्या.)

सात वर्षांपूर्वी मी एकटीच होते. धारावीत गेले आणि रंगावर भाळून एक चकचकीत तुकडा घेतला. दुकानदारानं नाव काय सांगितलं ते मला कळलंही नाही. घरी येऊन पट्टा कापला, कड घोटायला बसले. पाणी लावून लाकडानं घासलं की चांगल्या चामड्याची कड काचेसारखी गुळगुळीत होते, असं वाचलं होतं. तास झाला, कडेचे धागे निघतच राहिले. ते क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं होतं आणि वर रंगाचा थर चढवलेला. क्रोमचं चामडं मऊ, पाण्याला टिकणारं, जॅकेटला उत्तम. पण त्याची कड अशी घोटली जात नाही. त्यासाठी झाडाच्या सालीत किंवा फळात कमावलेलं लागतं.

आता मी दुकानात परवानगी घेऊन कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकते. सालीत कमावलेलं, वर थर नसलेलं चामडं तो थेंब पिऊन टाकतं आणि तिथं काळपट होतं. रंग चढवलेल्यावर थेंब मोत्यासारखा बसून राहतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी हे दाखवतो. तमिळनाडूकडचं ‘ई. आय.’ (ईस्ट इंडिया) चामडं मागायलाही सांगतो. ते झाडाच्या सालीत कमावून हिरड्यानं उजळवलेलं असतं. त्याला २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

हत्यारांसाठी मात्र कोणी घाबरू नये. ठोकायला खाली कडप्प्याचा तुकडा, फरशीवाल्याकडे सहज मिळतो. वर लाकडी मोगरी. टाक्यांची भोकं समान अंतरावर आखायला जेवणाचा काटा चालतो. माझं पहिलं पाकीट काट्यानंच आखलं होतं. पैसे घालायचे ते भोकं पाडायच्या आरीवर आणि कापायच्या रापीवर. बोथट रापी चामडं कापत नाही, फरपटवते, आणि ती निसटली की बोटात जाते.

(दृश्य : जवळून. दोन सुया, एक दोरा, दोन हात.)

हा टाका नीट बघा. दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना सुया. लांबी शिवणीच्या चौपट, वर मेण चोळलेलं. एक सुई डावीकडून जाते, दुसरी त्याच भोकातून उजवीकडून. मग दोन्ही हातांनी सारखा ओढा. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. इथं एक टाका तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा दोरा भोक धरून बसतो. घोड्यांची खोगिरं अशीच शिवतात.

हे मी पुस्तकातून शिकले. पण ओढ किती द्यायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते शिकायला कोल्हापूरला जावं लागलं.

(दृश्य : कोल्हापूर, सुभाषनगर. घराची पुढची खोली.)

मला शिकवणाऱ्या मावशींचं नाव त्यांच्या इच्छेनुसार इथं देत नाही. कोल्हापुरी चपलेची वेणी घालणं हे या घरातल्या बायकांचं काम. “मी धा वर्सांची हुतो तवापास्नं येणी घालतोय,” त्या म्हणाल्या. माझा टाका हातात घेऊन त्यांनी नखानं दाबला. “दोरा वढायचा, पर रागानं न्हाई. चामडं काचतंय बघ.”

भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर आणि तिच्याखाली पाण्याची बादली. रोहिदासांच्या काथवटीत गंगा आली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. काथवट म्हणजे कणीक मळायची परात, असंच वाटायचं. मावशींनी चपलेचा तळ त्या बादलीत बुडवला, वर काढला आणि ओल आत मुरेपर्यंत बाजूला ठेवला, तेव्हा पहिल्यांदा कळलं. रोहिदासांसमोर होतं ते कातडं भिजवायचं पाणी.

चामड्याचं काम शिकायचंय म्हटल्यावर माझी आई म्हणाली होती, “पाकीट विकत मिळत नाही का?” तिला दुसरंच काही म्हणायचं होतं, ते तिनं म्हटलं नाही. ते इथं म्हणायला हवं. मी हे काम निवडलं. मावशींना कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बोटांवरचे डाग बघून बँकेतले लोक कौतुक करतात. तसेच डाग असलेल्या मावशींच्या सासऱ्यांसाठी गावातल्या हॉटेलात कपबशी वेगळी ठेवलेली असे. आणि त्याच जिल्ह्याच्या गावी, कोल्हापुरात, त्याच्या कितीतरी आधी शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा घेत.

म्हणून आमच्या गटानं एक गोष्ट ठरवली आहे. शिकायला गेलो की त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यायचा. ‘मावशी, जरा दाखवा ना’ असं म्हणून कोणाचा दिवस फुकट घालवायचा नाही. कमावणारे ढोर समाजातले कारागीर, शिवणारे चर्मकार, यांच्या डोक्यात आणि हातांत जे आहे त्याला मोल आहे, ते मोजायचं.

आता त्या कमावण्याबद्दल. जुनी रीत अशी : कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मग ते पिशवीसारखं शिवून टांगायचं. आत बाभळीची साल आणि हिरडा, वरून पाणी. पाणी कातड्यातूनच झिरपत राहतं आणि ते आतपर्यंत कमावलं जातं. याला दिवस लागतात. आज असं काम करणारी घरं कमी उरली आहेत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढी ओरड झाली. ती व्हायलाच हवी होती. मावशींनी मात्र फोनवरचं ते चित्र मोठं करून आधी शिवण बघितली.

(दृश्य : पुन्हा गच्ची. कात्री, वही.)

मागच्या महिन्यात मावशी पुण्याला लेकीकडे आल्या होत्या, तेव्हा आमच्या गच्चीवरही आल्या. अंथरलेल्या कातड्यावरून त्यांनी तळहात फिरवला, मानेजवळ थांबल्या, चिमटीत धरून वाकवून बघितलं. “ह्यो तुकडा तळाला ठेवा,” म्हणाल्या, “पट्ट्याला घालवू नका.” सुतारकामवाल्यानं तिथं खडूनं फुली मारली.

वहीत त्या तुकड्यासमोर मावशींचं नाव लिहिलं आहे. पुढच्या शनिवारच्या गाडीनं मी तो कोल्हापूरला घेऊन जाणार आहे.