वळणारी जमीन

(दृश्य: काळ्या खडकाचा कडा. ड्रिलचा आवाज, टोकाशी सतत पाण्याची धार.)

बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकातून, बोटभर जाडीचा दंडगोल सुटा होतोय. तो लगेच उचलायचा नाही. आधी जागेवरच त्याच्या अंगावर एक रेघ ओढायची आणि तिची दिशा मोजायची. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे नुसत्या होकायंत्रावर विसंबता येत नाही, म्हणून सूर्याच्या सावलीवरूनही ताळा घ्यायचा. रेघ चुकली की नमुना वाया गेला.

एवढी काळजी कशासाठी? लाव्हा थंड होतो तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या बारीक कणांमध्ये त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठून राहते. पुढे कोट्यवधी वर्षं ती टिकू शकते. आणि खडक वळला, तर ती दिशाही त्याच्याबरोबर वळते.

(दृश्य: अमेरिकेचा पश्चिम किनारा, ओरेगॉनची डोंगररांग.)

१९७७ साली रॉबर्ट सिम्पसन आणि ॲलन कॉक्स या भूशास्त्रज्ञांनी ओरेगॉनच्या किनारी डोंगरांतली मोजमापं प्रसिद्ध केली. तिथल्या सुमारे पाच कोटी वर्षं जुन्या खडकांतली दिशा अपेक्षेपेक्षा साठ अंशांहून जास्त उजवीकडे गेलेली होती. म्हणजे अख्खी डोंगररांग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळली होती. आज जीपीएसची स्थानकं सांगतात की हे वळणं थांबलेलं नाही. दहा लाख वर्षांत साधारण एक अंश, इतक्या संथपणे ते सुरू आहे.

पण एवढा मोठा तुकडा वळणार कसा? त्याच्या चारही बाजूंना पृथ्वीच्या कवचाचे दुसरे तुकडे आहेत. तो वळला की कुठेतरी शेजाऱ्यावर रेटणार, आणि कुठेतरी शेजाऱ्यापासून सुटणार. या रेटण्याचा आणि सुटण्याचा हिशेब जिथे चुकता होतो, त्या जागा म्हणजे प्रस्तरभंग, ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात अशा खडकातल्या भेगा. आणि हिशेब चुकता होण्याचा क्षण म्हणजे भूकंप.

ओरेगॉनचा तुकडा उत्तरेकडे वॉशिंग्टन राज्याला रेटतो. त्याच्या पलीकडे कॅनडाचं कवच जागचं फारसं हलत नाही. मधल्या मध्ये वॉशिंग्टन दरवर्षी काही मिलिमीटर आवळलं जातं. सिएटल शहराच्या खालून जाणारा प्रस्तरभंग याच आवळण्याने सरकतो. शहरासमोरच्या बेनब्रिज बेटाच्या टोकाला लाटांनी घासून सपाट केलेला खडकाचा एक ओटा आहे. एके काळी तो समुद्राच्या पातळीला होता. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका भूकंपात तो सात मीटर वर उचलला गेला. आज त्याच्यावर गवत आहे.

या तुकड्याच्या आग्नेयेला चित्र उलटं आहे. तिथे जमीन ताणली जाते आणि तुकडे खाली खचतात. २० सप्टेंबर १९९३ च्या रात्री क्लॅमथ फॉल्स गावाजवळ सहाच्या आसपास तीव्रतेचे दोन धक्के बसले, ते या ताणाचे.

(दृश्य: आइसलँड. हिरवी सपाट कुरणं, मागे बर्फाळ डोंगर.)

वळण्याची यंत्रणा सगळ्यात स्वच्छ बघायची असेल, तर दक्षिण आइसलँडला जावं. इथे उत्तरेकडची जमीन पश्चिमेला चालली आहे, दक्षिणेकडची पूर्वेला. दोन भूपट्टांमधला, म्हणजे कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांमधला, वेगाचा हा सगळा फरक वर्षाला दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर. अशा ठिकाणी पूर्व-पश्चिम जाणारा एक मोठा प्रस्तरभंग असेल असं कुणालाही वाटेल. पण जमिनीवर तो दिसतच नाही. त्याऐवजी दिसतात उत्तर-दक्षिण जाणारे, एकमेकांना समांतर असे कितीतरी आखूड प्रस्तरभंग.

फळीवर उभी पुस्तकं डोळ्यांसमोर आणा. वरच्या कडा एका बाजूला ढकलल्या, खालच्या दुसऱ्या बाजूला, की सगळी पुस्तकं एकदम कलतात. कलताना प्रत्येक पुस्तकाचं पुठ्ठं शेजारच्या पुठ्ठ्यावर घासतं. दक्षिण आइसलँडची जमीन अशीच कलते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पुठ्ठी घासतात तिथे भूकंप होतो.

१७ जून २००० हा आइसलँडचा राष्ट्रीय दिन होता. दुपारी पुष्कळशी माणसं सणासाठी घराबाहेर असताना पहिला धक्का बसला. साडेतीन दिवसही उलटले नव्हते, तोच तिथून सुमारे १७ किलोमीटर पश्चिमेला, दुसऱ्या समांतर प्रस्तरभंगावर, तेवढाच मोठा दुसरा धक्का आला. दोन्हींची तीव्रता साडेसहाच्या आसपास. एकही जीव गेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. २९ मे २००८ ला आणखी पश्चिमेचं पुस्तक सरकलं, तीव्रता ६.३. एक पुस्तक हललं की शेजारच्यावरचा भार बदलतो, म्हणून इथे भूकंप असे मालिकेने येतात.

(दृश्य: कुरणातल्या तिरक्या भेगांची रांग, दोन भेगांमध्ये मातीचा उंचवटा.)

गवतात उमटलेली ही नक्षी जमीन आडवी घासल्याची खूण आहे.

आता यातली खरी गुंतागुंत. पुस्तकं कलतात तेव्हा त्यांच्यामधल्या फटीही कलतात. म्हणजे तुकड्यांबरोबर प्रस्तरभंगही वळत जातात. अमोस नूर आणि हगाई रॉन या भूभौतिकशास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात मांडलं की पंचवीस ते पंचेचाळीस अंश वळल्यावर जुना प्रस्तरभंग जोराच्या दिशेशी असा कोन करतो, की त्याच्यावर सरकणं अवघड होऊन बसतं. मग खडक नव्या जागी फुटतो आणि नवे प्रस्तरभंग जुन्यांना छेदत जातात. मला या विषयात सगळ्यात जास्त भावतं ते हेच. नकाशावर नुसती जाळी दिसते, पण तिच्यातली प्रत्येक रेघ वळणाच्या वेगवेगळ्या टप्प्यावरची असू शकते.

(दृश्य: दक्षिण कॅलिफोर्निया, समुद्रातली चॅनल बेटं.)

इथे तर वळण नव्वद अंशांच्याही पुढे गेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या बाकीच्या बहुतेक रांगा किनाऱ्याला साधारण समांतर आहेत. पश्चिम ट्रान्सव्हर्स रांग तेवढी पूर्व-पश्चिम, आडवी पडलेली. उत्तरेकडची चॅनल बेटं तिचाच समुद्रातला भाग. या बेटांवरच्या जुन्या थरांत नदीने गुळगुळीत केलेले जांभळट-तांबूस ज्वालामुखी गोटे सापडतात. तसेच गोटे सॅन डिएगोजवळ पोवे इथे आहेत, दोनशे किलोमीटरहून दूर. आज बेटांकडे ते गोटे नेईल अशी नदी कुठेच नाही.

(दृश्य: नकाशावरची रांग हळूहळू उलट फिरते.)

मग खडकातली चुंबकीय दिशा हाती घ्यायची आणि रांग तेवढीच मागे फिरवायची. बेटं सरकत सरकत सॅन डिएगोच्या किनाऱ्याला येऊन टेकतात, त्याच जुन्या नदीच्या तोंडाशी.