रात्रशाळेचा पट

नमस्कार, श्रोतेहो.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मुंबईतल्या काही शाळांच्या आवारात दुसरीच शाळा भरते. बाकं तीच, फळाही तोच. वर्गात शिरणारी मुलं मात्र दिवसभर कुठेतरी राबून आलेली असतात. मी अशाच एका रात्रशाळेत शिकवतो. या शाळा कमी होत चालल्या आहेत. त्याची फारशी बातमीही होत नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

रात्री शिकवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. मुंबईत ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि परळच्या गिरणी वस्तीत रात्रीचे वर्ग, वाचनालयं चालवली. आज लोअर परळला त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून कचेरीत जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. तेव्हापासून लोकांनी धरूनच टाकलंय की गिरण्या गेल्या, आता रात्रशाळेत येतंय कोण?

येतात की! कुरियरवाला येतो, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा येतो, मॉलमध्ये पहारा देणारा येतो. चार घरची धुणीभांडी आटपून एखादी ताई येते. तिला मुलाच्या वहीतलं वाचायचं असतं. दहावी झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, हे या सगळ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

ही मुलं दिवसाच्या शाळेतून सुटली कुठे, तेही बघा. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयाची, म्हणजे आठवीपर्यंतची. महापालिकेच्या प्राथमिक शाळा भरपूर, माध्यमिक त्या मानाने फार कमी. आठवीनंतर दुसऱ्या शाळेचं दार शोधायचं, फी विचारायची, नवा गणवेश घ्यायचा. त्या एका जूनमध्ये कितीतरी पोरं कामाला लागतात. पैशाचं म्हणाल, तर प्राथमिक शाळा चालवणं हे 1888 च्या कायद्यानेच पालिकेचं बंधनकारक काम आहे. 2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा आणि शिक्षणाचा 3,955 कोटींचा. शंभरातले पाच-साडेपाच रुपये! टॅब वाटले की फोटो निघतो. शिक्षकाची रिकामी जागा भरली, तर कुणाचा फोटो काढणार?

रात्रशाळा बंद करायचा हुकूम सहसा निघत नाही. ते काम पट करतो. पटावर मुलं किती, यावर संच मान्यता ठरते, म्हणजे शिक्षक किती मिळणार ते ठरतं. पट थोडा उतरला की एक शिक्षक अतिरिक्त होतो. मग उरलेला एक जण गणित आणि विज्ञान दोन्ही ओढतो, मुलांना कळेनासं होतं, त्यातली काही यायची थांबतात आणि पुढच्या वर्षी पट आणखी उतरलेला. शेवटी कागदावर लिहितात, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही’. आधी शिक्षक काढायचा आणि मग मुलं येत नाहीत म्हणून शाळेवर ठपका ठेवायचा, हा न्याय मला तरी कळत नाही.

2017 च्या मे महिन्यात असंच झालं. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या ‘दुबार’ शिक्षकांना शासनाने एका निर्णयाने कमी केलं. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना तिथे सामावून घ्यायचं, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण जुने लगेच गेले आणि नवे वेळेवर आले नाहीत. माझ्या माहितीतल्या एका शाळेत दहावीचा गणिताचा तास कित्येक आठवडे रिकामाच गेला. परीक्षा काही त्यासाठी पुढे ढकलली नाही.

हजेरीचंही तसंच. पहिली घंटा साडेसहाची, पण अंधेरीच्या गोदामातून सहाला सुटलेला मुलगा दादरला गाडी बदलून वर्गात पोचतो सव्वासातला. तपासणीला आलेले साहेब त्याआधीच डोकी मोजून, चहा घेऊन गेलेले असतात. दिवाळीच्या आधी तर कुरियरच्या पोरांना श्वास घ्यायला फुरसत नसते, ती पंधरा-पंधरा दिवस दिसत नाहीत. नंतर येतात, आणि चुकलेला धडा विचारतात. प्रयोगशाळेची किल्ली दिवसाच्या शाळेकडे असते, त्यामुळे आमचे बरेच प्रयोग फळ्यावरच होतात.

‘एवढा खटाटोप कशाला, 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसा की,’ असा सल्ला मिळतो. ज्याला घरी स्वतंत्र टेबल आहे त्याला तो ठीक. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही असताना बीजगणित कुठे बसून करायचं? शिवाय अडलेलं विचारायचं कुणाला?

मागणी मोठी नाही. पट मोजायचा तर साडेसातला मोजा आणि एका वर्षाच्या आकड्यावर पद काढू नका, तीन वर्षांचा बघा. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या पालिकेच्या इमारती, निदान स्टेशनजवळच्या, या वर्गांना द्या. किल्ल्यांसकट.

आणि श्रोतेहो, तुमच्या दुकानात, कचेरीत, घरी कामाला येणाऱ्यांपैकी कुणाची शाळा अर्धवट राहिली असेल, तर त्यांना सांगा, जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. जुन्या शाळेचा दाखला तेवढा शोधून ठेवायला सांगा. तुम्ही मालक असाल, तर त्यांना शाळेच्या दिवसांत सहा वाजता मोकळं करा. पगार न कापता.

नमस्कार.