कापणं दहा मिनिटांचं, धरणं दिवसभराचं

मंडळी, टूलरूममध्ये मी बरीच वर्षं घालवली, पण घरच्या बाल्कनीत पितळी नळीचा पहिला तुकडा कापला तेव्हा तो चपटाच केला. वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या शिकंज्यात धरला, जरा जास्त आवळला, आणि गोलाचं अंडं झालं. तर आज कापण्याआधी धरण्याबद्दल बोलू.

ही नळी बाहेरून 6 मिमी, आतून 5 मिमी. म्हणजे भिंत फक्त अर्धा मिमी. हिचे 12 मिमीचे आठ स्पेसर, म्हणजे दोन भागांत ठरावीक अंतर राखणारे नळीचे तुकडे, करायचेत. बाजारात मिळणारं सगळ्यात बारीक हॅकसॉ ब्लेड इंचाला 32 दात्यांचं. हिशेब करा, दोन दात्यांत साधारण 0.8 मिमी अंतर. भिंत त्याहून पातळ, मग दाता तिच्यात अडकणार, नळी झटका खाणार आणि कड फाटणार. यावर उपाय अगदी घरगुती: बांबूची काडी तासून आत घट्ट बसवा आणि काडीसकट कापा. एका जागी सरळ खाली जाऊ नका, नळी थोडी थोडी फिरवत चारी बाजूंनी खाच पाडा. सोनाराची बारीक करवत असेल तर आणखी बरं. तिचे दाते मात्र मुठीकडे तोंड करून लावायचे, ती ओढताना कापते.

पाइप कटर का नाही, असं कुणीतरी विचारणारच. एसीच्या तांब्याच्या नळीला तो उत्तम. पण त्याचं चाक धातू कापता कापता आत ढकलतं. तोंड आवळतं आणि ज्या 5 मिमीच्या बोल्टला जेमतेम वाट होती, तो दारातच अडतो.

आता हा ठोकळा बघा. लोखंडी, बरोबर 12 मिमी जाड. ड्रिल मशिनवर 6 मिमीचं आरपार भोक, आणि कडेपासून भोकापर्यंत हॅकसॉची एक चीर. वाइस आवळला की चीर मिटते आणि ठोकळा नळीला चहूबाजूंनी धरतो. चपटं व्हायचा प्रश्नच नाही. तुकडा थोडा लांब ठेवून कापायचा. आधी एक तोंड ठोकळ्याच्या पृष्ठभागाशी सपाट करायचं, मग उलटवून ते तोंड खाली काचेवर टेकवायचं, आवळायचं, आणि वर राहिलेलं कानशीने काढायचं. ठोकळ्यावर मार्करची शाई फासून ठेवा. शाईवर पहिला ओरखडा दिसला की हात थांबवायचा. नाहीतर तुम्ही ठोकळाच घासत बसाल, आणि मापही त्याच्याबरोबर जाईल.

कानस नवी घ्या. पितळेला धारदार दाते लागतात. लोखंडावर बोथटलेली कानस पितळेवरून नुसती घसरते. म्हणून जुने फिटर नवी कानस आधी पितळेला वापरतात आणि नंतर लोखंडाला देतात.

मग बर (burr), म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार. ती काढायच्या आधी व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचा कॅलिपर, लावूच नका, तो बर धरूनच माप सांगतो. आतली कड काउंटरसिंक, म्हणजे भोकाचं तोंड तिरकं करायचं शंकूच्या टोकाचं बिट, हातात धरून दोन फेऱ्यांत निघते, बाहेरची काचेवर पसरलेल्या 600 च्या पॉलिश पेपरवर. तुकडा पेपरवर आठाच्या आकड्यात फिरवा, एकाच दिशेला घासलात तर तोंड तिरकं होतं.

ताटलीत आठ तुकडे फिरवतोय. त्यातल्या एकाची आतली बर मी मुद्दाम ठेवलीय. बोल्ट शेजारीच आहे, कोणता तो शोधा.