दुसरी पंगत साडेआठला

(दृश्य: क्रूझ जहाजाचा मुख्य डायनिंग हॉल, वरच्या गॅलरीतून)

हे जे दिसतंय ते पहिली पंगत उठून दुसरी बसायच्या मधल्या वेळातलं आहे. वरून बघितलं तर नुसता गोंधळ वाटतो, पण नीट बघा, कोणी कोणाला धडकत नाहीये. खुर्ची मागे, चादर ओढली, नवी टाकली, ग्लास, काटे, सुऱ्या, नॅपकिनची घडी, लहान मुलाच्या जागेवर रंगीत खडू आणि चित्रांचा मेन्यू, की पुढचं टेबल. दाराबाहेर लोक छान कपडे घालून उभे आहेत आणि त्यांना वाटतंय की हॉल आत्ताच उघडतोय.

क्रूझवर जेवायची जुनी पद्धत अशी दोन पंगतींची. लवकरची साधारण साडेपाच-सहाची, उशिराची आठ-साडेआठची, टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, शेजारी कोण बसणार तेसुद्धा ठरलेलं. लहान पोरं असलेले लोक लवकरची घेतात, कारण साडेआठच्या पंगतीत गोड पदार्थ येईपर्यंत पोरं खुर्चीतच आडवी होतात. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने वेळेची ही अटच काढून टाकली, कधीही या कुठेही बसा, आणि मग हळूहळू बाकीच्या कंपन्याही तसा पर्याय द्यायला लागल्या. तरी फॅमिली जहाजांवर ठरलेलं टेबल अजून टिकून आहे, आणि ते का टिकलंय ते पुढच्या दृश्यात कळेल.

(दृश्य: वेटर, लहान मुलीच्या शेजारी वाकलेला)

आज तिसरी रात्र आहे. या मुलीने अजून काही मागितलेलं नाही, पण सॉस वेगळ्या वाटीत आलाय, कारण पहिल्या रात्री तो भाज्यांना लागला आणि तिने प्लेट सरकवून दिली होती. वेटरने तेव्हा कुठे काही लिहून घेतलं नाही. आता तो तिचं मांस बारीक कापून देतोय, आईचं सूप गार होऊ नये म्हणून, आणि कापता कापता वडिलांना माशाबद्दल सांगतोय, आणि नजर तिकडे चौदा नंबरच्या टेबलावर आहे. एवढं सगळं एकाच वेळी.

१९९८ ला डिस्ने कंपनीचं डिस्ने मॅजिक जहाज पहिल्या सफरीवर निघालं तेव्हा कंपनीने ह्याच गोष्टीवर अख्खी व्यवस्था उभी केली. तीन वेगवेगळी रेस्टॉरंट, पाहुणे रोज रात्री नव्या रेस्टॉरंटमध्ये जातात आणि त्यांचे वेटरही त्यांच्यासोबत हलतात. भिंती बदलतात, मेन्यू बदलतो, माणूस तोच. आमच्या मते क्रूझच्या इतिहासात वॉटरस्लाइडपेक्षा ही कल्पना मोठी आहे, पण जाहिरातीत स्लाइडच दिसते, काय करणार.

(दृश्य: गॅली, सरळ शॉट, न कापता)

आता आत जाऊया. ही गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय.

पहिली गोष्ट, कुठेही ज्योत दिसणार नाही. आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती, त्यामुळे गॅस नाही, सगळं विजेवर. भांडी सरकू नयेत म्हणून कडेला पट्ट्या लावलेल्या आहेत. कापायच्या फळ्यांचे रंग वेगवेगळे, कच्च्या मांसाची वेगळी, माशांची वेगळी, भाज्यांची वेगळी, आणि चुकीच्या रंगाच्या फळीवर सुरी टेकवली तर शेफ काय बोलतो ते आम्ही आवाज बंद करून दाखवतोय.

ह्या काउंटरवर बघा, एक प्लेट वेगळी ठेवलीये, तिला कोणी हात लावत नाही. ती नमुन्याची प्लेट. आज संध्याकाळी मासा कुठे, बटाटा कुठे, सॉसची रेघ कुठून कुठे, सगळं त्यात ठरलेलं आहे आणि समोर उभी असलेली माणसं तिच्याकडे बघून पुढच्या शेकडो प्लेटा तशाच भरणार. एक माणूस फक्त मासा ठेवतो. दुसरा फक्त भाजी. शेवटचा माणूस ओल्या फडक्याने प्लेटची कड पुसतो आणि झाकण घालतो, पूर्ण पंगतभर त्याचं तेवढंच काम, आणि त्याच्या मनगटाची ती गोल फिरकी आमच्या कॅमेरामनला इतकी आवडली की त्याने निम्मं कार्ड त्यावरच घालवलं.

वेटर एका दाराने आत येतात, दुसऱ्या दाराने बाहेर जातात. झाकलेल्या प्लेटा एकावर एक रचायच्या, ट्रे खांद्यावर घ्यायचा आणि डुलत्या जमिनीवरून चालायचं. जहाजाला बाजूने पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्यामुळे डुलणं बरंच कमी होतं, पण कमी होतं म्हणजे थांबत नाही.

आता प्रश्न असा की किती मासे लागणार हे कळतं कसं. समुद्रात मध्येच दुकान नाही. तर मागच्या सफरींच्या नोंदी असतात, कुठल्या रात्री कुठला पदार्थ किती उठला, मुलं किती होती, बाहेर वादळ होतं की ऊन, आणि त्यावरून आकडा काढतात. लॉबस्टरच्या रात्री हा आकडा चुकवून चालत नाही कारण त्या रात्री माणसं दुसऱ्यांदा मागतात.

(दृश्य: कोल्ड रूम, क्रेट)

हा सगळा माल जहाज निघायच्या दिवशी काही तासात चढतो. फोर्कलिफ्ट, लाकडी पॅलेट, यादी तपासणारा माणूस. मऊ फळं आधी संपवायची, कोबी, गाजर, सफरचंद शेवटी, ती टिकतात. केळी बाकी फळांपासून लांब ठेवायची कारण केळ्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्यांनाही पिकवतो. म्हणजे शेवटच्या दिवशीच्या बुफेत तुम्हाला जी ताजी दिसणारी फळं मिळतात त्यामागे पहिल्या दिवशी कोणाचीतरी डोकेफोड असते. ब्रेड मात्र रोजच्या रोज, रात्री. तुम्ही डिस्कोतून परत येताना ज्या बेकरवाल्यांची शिफ्ट चालू असते ते हे लोक. पाणी समुद्राचंच, गोडं करून, त्याची मशिनरी इंजिनकडे आहे आणि तिकडे कॅमेरा नेता आला नाही, तेव्हा पुढे.

(दृश्य: बुफेच्या दारात हात धुण्याचे बेसिन)

दारात गाणं म्हणत, हसत, हात धुवा हात धुवा म्हणणारा हा माणूस सगळ्यांना गंमत वाटतो. गंमत नाहीये. नोरोव्हायरस नावाचा पोटाचा विषाणू जहाजावर फार वेगाने पसरतो आणि अल्कोहोलवालं सॅनिटायझर त्यावर नीट चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, जहाजांच्या स्वच्छतेचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे, तपासनीस न सांगता येतात, शंभरपैकी मार्क देतात आणि ८५ किंवा कमी मिळाले की नापास. तेव्हा चिमटा हातात घेण्याआधी हात धुवा, त्या माणसासाठी नाही तर स्वतःसाठी.

परत येणाऱ्या ह्या प्लेटा. अर्धा केक, न खाल्लेला पास्ता, चार घास घेऊन सोडलेलं. उरलेलं सगळं यंत्रात बारीक होतं, आणि भूमध्य समुद्र किंवा कॅरिबियनमध्ये बारीक केलेलं असूनही किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायला मनाई आहे.

(दृश्य: केबिन, स्ट्युअर्डचे, म्हणजे केबिन आवरणाऱ्या माणसाचे, हात जवळून)

हे आमचं सगळ्यात आवडतं फुटेज. मोठा टॉवेल पलंगावर पसरला, दोन्ही टोकं मध्यावर आणली, दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळी केली, मधोमध वाकवली, झाले चार पाय. छोटा टॉवेल घेतला, तिरका गुंडाळला, एक टोक पुढे ओढलं ती सोंड, वरचा भाग उलटा केला ते कान. आता डोकं धडावर टेकवायचं आणि मुलाचा गॉगल, जो सकाळपासून जमिनीवर पडलाय, तो हत्तीच्या नाकावर. मोजून बघा, एक मिनिट पण लागलं नाही. आणि तरी पुढच्या केबिनमध्ये माकड आहे, कारण तिथल्या मुलाला काल हत्ती मिळालेला.

स्ट्युअर्डकडे साधारण पंधरा-वीस केबिन असतात, कधी त्याहून जास्त. सकाळी एकदा, बऱ्याच जहाजांवर रात्री परत एकदा. तुम्ही नाश्त्याला गेलात हे त्याला कसं कळतं असं सगळेच विचारतात. कॉरिडॉरमध्ये उभा राहून दारांचे आवाज ओळखतो, एवढंच.

कामाच्या तासांचा नियम आहे. २००६ चा सागरी कामगार करार, तो २०१३ पासून लागू झाला, त्यात कुठल्याही २४ तासात किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यायलाच हवी असं आहे. त्या १० तासांचे फारतर दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग ६ तासांचा हवा. म्हणजे उलटा हिशोब तुम्हीच करा. कंत्राट बहुतेक वेळा सहा ते नऊ महिन्यांचं, त्या काळात घर फोनवर.

(दृश्य: क्रू मेस, एक वेटर फोन भिंतीला टेकवून जेवतोय. इथे निवेदन नाही.)

टिप रोजच्या रोज माणशी तुमच्या बिलात आपोआप लागते आणि ती वेटर, स्ट्युअर्ड आणि मागे न दिसणाऱ्या बऱ्याच जणांत वाटली जाते. काही कंपन्यांत काउंटरवर जाऊन ती काढून टाकता येते. शेवटच्या रात्री त्या काउंटरवर रांग लागते ती आम्ही दाखवणार नाही, पण रांग लागते. नका काढू.

(दृश्य: बर्फाची रिंक, आणि मग थिएटर)

आता करमणूक. समुद्रावर बर्फाची पहिली रिंक, म्हणजे स्केटिंगची जागा, १९९९ मध्ये व्हॉयेजर ऑफ द सीज या जहाजावर आली, २००९ ला ओॲसिस ऑफ द सीजने जहाजाच्या मध्यावर खरी झाडं लावलेली बाग केली आणि मागच्या टोकाला उंचावरून उड्या मारायचं पाण्याचं थिएटर. आणि २०२४ चं आयकॉन ऑफ द सीज, ३६५ मीटर लांब, जास्तीत जास्त साधारण ७६०० प्रवासी आणि २३५० च्या आसपास क्रू. हे आकडे ऐकून भारी वाटतं पण आम्हाला ही स्केटर जास्त भारी वाटते. रिंक जमिनीवरच्यापेक्षा लहान, त्यामुळे उडी मारून उतरलं की भिंत समोरच. त्यात बर्फ स्वतः डुलतोय. ही गिरकी बघा, पाय टेकला तेव्हा जहाज डावीकडे झुकलंय, तिने खांदा उजवीकडे घेतलाय, प्रेक्षकांना काहीच कळलेलं नाही. समुद्र जास्त खवळला की अवघड उड्या काढून टाकतात किंवा शोच रद्द होतो.

थिएटर बऱ्याचदा जहाजाच्या पुढच्या टोकाला असतं आणि तिथेच हेलकावा जास्त, त्यामुळे पोट नाजूक असेल तर खालची आणि मागची, म्हणजे जहाजाच्या मध्याकडची खुर्ची धरा.

किड्स क्लबमध्ये मुलं वयाप्रमाणे वेगळी करतात, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला हवा ही अट. आत सोडताना नोंद, नेताना नोंद, भलत्या माणसाच्या हातात मूल देत नाहीत. आणि खरं सांगायचं तर अनेक आईबाप सफर याच दारासाठी बुक करतात, बाकी सगळं नंतर. आत शिकवणारी मुलगी सलग तिसऱ्यांदा तेच गाणं तितक्याच उत्साहाने म्हणतेय, तेवढं बघून घ्या.

कॅसिनो आणि दुकानं बहुतेक बंदरांत बंद असतात, कर आणि परवान्यांचे नियम, त्यामुळे पावसात बंदरात अडकलात तर बुफे आणि पत्ते.

(दृश्य: सफर बदलायचा दिवस, कॉरिडॉर)

आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर. सकाळी सगळे उतरतात, दुपारपासून नवे चढायला लागतात, आणि मधल्या त्या चार-पाच तासात प्रत्येक केबिनच्या चादरी, टॉवेल, बाथरूम, बाल्कनी. चादरींचे ढीग कॉरिडॉरभर. त्याच वेळी खाली माल चढतोय, आणि त्याच वेळी काहींचं कंत्राट संपलंय ते बॅग घेऊन उतरतायत आणि त्यांच्या जागी आलेला नवा पोरगा अजून डेकचे नंबर शिकतोय. संध्याकाळी हाच पोरगा हसत तुम्हाला लिफ्ट दाखवणार आहे.

आणि निघण्याआधी सुरक्षेची हजेरी, म्हणजे आपत्तीत काय करायचं त्याचं ड्रिल. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचं ड्रिल तोवर झालंच नव्हतं. तेव्हा ते प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत घेतलं तरी चालायचं. २०१५ पासून नियम बदलला, जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर व्हिडिओ बघायचा, भोंग्याचा इशारा लक्षात ठेवायचा, सात छोटे आणि एक लांब, आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करायचं.

(दृश्य: हजेरीची जागा)

नारिंगी जॅकेट घालून कार्ड स्कॅन करणारी ही बाई ओळखली का, रिंकवरची स्केटर. जहाजावर प्रत्येकाला आपत्तीच्या वेळचं एक काम नेमून दिलेलं असतं, गायक असो, शेफ असो की स्ट्युअर्ड. तिच्या यादीत एक केबिन अजून बाकी आहे. दोनदा घोषणा झाली. शेवटी माणूस पाठवला तेव्हा अख्खं कुटुंब बुफेत सापडलं, प्लेटा भरून.