खांबातलं पेन

[दृश्य: टेबलावर पेन. बोटं धरतात त्या जागेचं पॉलिश गेलेलं. वरच्या नळीवर कोरलेलं नाव.]

हे पेन सागवानी आहे. पुण्यातला एक जुना वाडा उतरवला, तेव्हा निघालेल्या खांबाच्या तुकड्यातून ते कातलं गेलं. वाडा पडला की तुळया, चौकटी, दारं जुन्या लाकडाच्या वखारीत जातात; तिथं त्यांना गिऱ्हाईक मिळतं. वीतभर तुकड्यांना कोण विचारतो? ते बंबात जातात. हा तुकडा एका कातकाम करणाऱ्या दादांच्या हाती लागला म्हणून वाचला.

[दृश्य: नळीवरचे पांढुरके डाग, अगदी जवळून.]

पेन एका ताईंचं, बँकेच्या काउंटरवर वापरलं जायचं. 2020 मध्ये त्या काउंटरवर सॅनिटायझरची बाटली आली. हाताला सॅनिटायझर चोळायचा आणि ओल्याच बोटांनी पेन उचलायचं, असं दिवसभर. पेनाला पॉलिश होतं चपडा लाखेचं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि सॅनिटायझरमध्ये निम्म्याहून जास्त अल्कोहोलच असतं. म्हणजे दर वेळी थोडं थोडं पॉलिश बोटांना लागून निघून जात होतं.

[दृश्य: काचेच्या बरणीत चपड्याच्या पिवळसर-तांबूस पापड्या. वरून स्पिरिट ओतलं जातं.]

यात लाखेचा काही दोष नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. ते कवच फांदीवरून खरवडतात, धुतात, वितळवतात, ताणून पातळ करतात आणि फोडतात. त्या या पापड्या. आपल्याकडे झारखंडात लाख सर्वांत जास्त होते. घरातल्या जुन्या कपाटाला, आरामखुर्चीला जे फ्रेंच पॉलिश म्हणतात, तेही हेच. लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, फिरत्या लाकडाला चिंधीनं ते दाबून धरलं की घर्षणाच्या उष्णतेनं पटकन बसतं आणि सुरेख दिसतं. कपाटाला कोणी दिवसातून वीस वेळा सॅनिटायझर लावत नाही, एवढाच काय तो फरक.

[दृश्य: दोन हात पेन मधून ओढतात. वरचा भाग निघतो.]

पॉलिश नव्यानं करायचं, तर आधी पेन उघडायचं काम. पेनाचे दोन भाग मधल्या कडीपाशी नुसते एकमेकांत बसवलेले असतात. सरळ ओढले की सुटतात. मागून रिफिल फिरवून काढली. आत दिसते ती पितळी नळी. लाकूड तिच्यावर चिकटवलेलं आहे, ते निघणार नाही आणि काढायचंही नाही. निघतात ते धातूचे भाग: टोक, फिरकी (पेन फिरवलं की रिफिल आत-बाहेर करणारा भाग), क्लिप, टोपण. ते दाबून बसवलेले असतात.

[दृश्य: भोक पाडलेला लाकडी ठोकळा, बारीक सळई, छोटा हातोडा. आवाज तसाच ठेवावा.]

फिरकी आतून पोकळ असते. तिच्यातून बारीक सळई घातली, ती टोकाच्या पाठीला टेकली. एकच जोराचा घाव घातला तर लाकूड चिरतं. म्हणून टक, टक, टक. टोक खाली पडलं. मग नळी उलटी करून जाड सळईनं फिरकी बाहेर. कारागिरानं हे भाग चिकटवले असते, तर इथंच सगळं थांबलं असतं. वस्तू करतानाच ती पुन्हा उघडता येईल अशी करणं, ही आम्हाला या पेनातली सर्वांत मोठी कारागिरी वाटते. आपल्या खिशातल्या फोनची बॅटरीसुद्धा हल्ली डकवलेली असते.

[दृश्य: लेथवर दोन्ही नळ्या. स्पिरिटची चिंधी, चिंधी तपकिरी होते.]

जुनं पॉलिश स्पिरिटनंच उतरलं. पटाशीला दादांनी हात लावला नाही. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, ते धार खातात. आणि मुळात इथं लाकूडच जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड आहे. बुशिंग म्हणजे लेथवर नळीच्या दोन्ही टोकांना लावलेल्या कड्या; त्या पेनाच्या धातूच्या भागांच्या मापाच्या असतात. लाकूड त्यांच्याखाली गेलं, तर जोडल्यावर बोटाला पायरी लागते.

[कारागिराचा आवाज: "काचपेपर मारून झाला की लेथ बंद करायचा, आणि रेषेच्या दिशेनं हातानं एकदा. नाहीतर गोल ओरखडे राहतात. ते आत्ता दिसत नाहीत, पॉलिशनंतर दिसतात."]

आधी 240 नंबरचा काचपेपर, मग 400, मग 600. प्रत्येक पेपरनंतर लेथ बंद आणि हातानं एकदा. चारशेच्या पेपरनंतर सागाच्या गडद रेषा वर आल्या, आणि वासही.

[दृश्य: टिश्यूवर दोन थेंब, फिरत्या नळीवर एकच हात. शेजारी पंखा.]

नवा थर लाखेचा नाही, सायनोॲक्रिलेटचा. आपण ज्याला सरसकट फेविक्विक म्हणतो त्या जातीचा. साग तेलकट, त्यावर तो नीट धरत नाही. म्हणून आधी ॲसिटोननं पुसून घेतलं. पातळ थरावर पातळ थर. वाफ डोळ्यांना झोंबते, पंखा त्यासाठी. मग पाण्यात भिजवलेले मायक्रोमेशचे, म्हणजे अतिबारीक घासकापडाचे, तुकडे, 1500 पासून 12000 पर्यंत. पांढरं पाणी गळतं आणि त्याखालून ही चकाकी येते. आम्हाला विचाराल तर दोन पायऱ्या आधीच थांबायला हवं होतं. इतकं चकचकीत झालं की लाकूड काचेआड ठेवल्यासारखं दिसतं. पण बँकेच्या काउंटरवर टिकायचं असेल तर दादांचं खरं.

[दृश्य: शेगड्यात (व्हाइसमध्ये) पेन, जबड्यांना लाकडी पट्ट्या. फिरकी हळूहळू आत जाते.]

फिरकी किती आत दाबायची, यावर रिफिलचं टोक किती बाहेर येणार ते ठरतं. जास्त दाबली तर टोक आत जातच नाही आणि खिशाला शाई लागते. म्हणून थोडं दाबायचं, रिफिल घालून बघायचं, पुन्हा थोडं. दोन्ही नळ्यांच्या रेषा एका ओळीत आणून पेन बंद केलं.

[दृश्य: तयार पेन फिरतं.]

कोरलेलं नाव काचपेपरानं घासलं गेलं. ताईंनी ते पुन्हा कोरू नका असं सांगितलं.

सॅनिटायझरची आता भीती नाही. नेलपॉलिश काढायच्या बाटलीपासून मात्र पेन लांब ठेवायचं. ॲसिटोननं हा थर मऊ होतो.