चुकलंय कोण, टाइमलाइन की क्लिप?

आज विषय छोटासाच आहे, व्हिडिओ एडिट करताना क्लिपचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात तो आकडा, टाइमलाइनशी, म्हणजे क्लिप्स ओळीने लावायच्या पट्टीशी, जुळला नाही तर काय करायचं. नवीन टाइमलाइनवर पहिली क्लिप ओढून टाकली की प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक पॉप-अप येतो, की ही क्लिप सिक्वेन्सच्या (प्रीमियर टाइमलाइनला सिक्वेन्स म्हणतं) सेटिंग्जशी जुळत नाही, सेटिंग्ज बदलू की आहेत त्याच ठेवू? बाकीच्या सॉफ्टवेअरचं बघा, रिझॉल्व्ह हाच प्रश्न मीडिया पूलमध्ये, म्हणजे क्लिप्सच्या साठ्यात, क्लिप आणताना विचारतं, केडेनलाइव्ह प्रोफाइल (प्रोजेक्टच्या सेटिंग्जचा संच) बदलू का म्हणतं, आणि फायनल कट ऑटोमॅटिकवर असेल तर विचारायच्या भानगडीतच पडत नाही, पहिली व्हिडिओ क्लिप जशी असेल तसा प्रोजेक्ट करून मोकळं होतं. आणि आपण? आपण तो पॉप-अप वाचत नाही, जे बटण ठळक दिसतंय ते दाबतो आणि कामाला लागतो.

आता ही पहिली क्लिप कुठली असते बघा. बऱ्याचदा लोगोचं अ‍ॅनिमेशन, किंवा कुठून तरी डाउनलोड केलेला स्टॉक शॉट, कारण सुरुवात त्यानेच होते ना. तो असतो सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि बाकीचं अख्खं शूट २५ वर. म्हणजे पाच सेकंदांच्या लोगोने सगळ्या फुटेजचं भवितव्य ठरवून टाकलं. प्रीमियरची गंमत अशी की सिक्वेन्स रिकामा असेपर्यंतच ते विचारतं, नंतर त्यात काहीही टाका, चकार शब्द काढत नाही. त्यामुळे गडबड कळते ती पार शेवटी, एक्सपोर्ट बघताना, कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतोय आणि मधेच अडखळतोय.

मग लोक सेटिंग्ज उघडतात आणि दिसेल ते बदलत सुटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी ठरवा, चुकलंय कोण. टाइमलाइन चुकली असेल तर इलाज वेगळा, क्लिप चुकली असेल तर वेगळा. आणि हे ठरवणं अवघड नाहीये हो, प्रोजेक्ट पॅनल लिस्ट व्ह्यूमध्ये आणा, फ्रेम रेटच्या कॉलमवर क्लिक करा, सगळ्या क्लिप्स आपोआप रांगेत लागतात. बहुतेक क्लिप्स २५ आणि टाइमलाइन २३.९७६, तर टाइमलाइन चुकली. टाइमलाइन २५, बाकी सगळं २५ आणि फक्त ड्रोनचे चार शॉट ३० चे, तर ते चार शॉट पाहुणे, त्यांच्यासाठी घर पाडायचं नसतं. अर्थात ज्याला व्हिडिओ द्यायचाय त्याने २५ च मागितलं असेल तर विषयच संपला, मग बहुमत वगैरे काही नाही.

फ्रेम रेटवर मी एवढा अडून का बसतो ते एकदा स्वतः करून बघा. २५ ची क्लिप घ्या, जिच्यात काहीतरी आडवं सरकतंय अशी, ३० च्या टाइमलाइनवर टाका आणि उजव्या अ‍ॅरोने एकेक फ्रेम पुढे जा. पाच फ्रेम चित्र सरकतं, सहाव्या वेळी अ‍ॅरो दाबला तरी जागचं हलत नाही. परत पाच सरकतात, परत एक ठप्प. सेकंदाला पाच फ्रेम कमी पडत होत्या, सॉफ्टवेअरने जुन्याच पाच परत दाखवल्या. बोलणाऱ्या माणसाच्या क्लोजअपमध्ये हे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही, पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरतो तिथे, मात्र लगेच खटकतं. उलट केलं, म्हणजे ३० ची २५ वर टाकली, की दर सहावी फ्रेम गायब, तिथे ठप्प व्हायच्या ऐवजी बारीक उडी दिसते. ६० ची ३० वर किंवा ५० ची २५ वर टाकली तर काही बिघडत नाही, एकाआड एक फ्रेम घेतली की हिशोब जुळतो.

आणि ते पॉइंटवाले आकडे. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं स्टँडर्ड ठरलं तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून ३० चा वेग साधारण हजारात एक एवढा कमी केला, तो झाला २९.९७, २३.९७६ पण त्याच घरातला, आणि ते लोढणं आपण अजून वागवतोय. २३.९७६ ची क्लिप २४ च्या टाइमलाइनवर नुसती टाकली तर साधारण ४२ सेकंदांत एक फ्रेम दोनदा दिसते, कुणाला कळत नाही. पण तीच क्लिप इंटरप्रिट फुटेजमध्ये (क्लिप कुठल्या रेटने वाचायची ते सांगायची प्रीमियरमधली सेटिंग) जाऊन तुम्ही २४ ची आहे असं सांगितलंत आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असेल, तर तासाभराच्या मुलाखतीत शेवटी ३.६ सेकंदांचा फरक पडलेला असतो. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

म्हणून इंटरप्रिट फुटेज, किंवा रिझॉल्व्हमधलं क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स, जपून वापरा. त्यात फ्रेम तेवढ्याच राहतात, फक्त वेग बदलतो. ड्रोनचा ६० चा शॉट २४ म्हणून वाचायला सांगितला तर तो ४० टक्के वेगाने चालतो, एकही फ्रेम डबल होत नाही, मस्त दिसतो. मूक शॉटला हा सगळ्यात चांगला उपाय, बोलणाऱ्या माणसाला लावायचा नाही. शॉटचा वेग तोच ठेवायचा असेल तर ऑप्टिकल फ्लो आहे, ते मधल्या फ्रेम स्वतः तयार करतं, पण हात चेहऱ्यासमोरून गेला की बोटं वितळल्यासारखी दिसतात, तेव्हा रेंडर करून डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

हे झालं पाहुण्यांचं. टाइमलाइनच चुकली असेल तर सरळ नवीन बनवा. रिझॉल्व्हमध्ये मीडिया आत आला की प्रोजेक्टचा फ्रेम रेट कुलूपबंद होतो, लोक तिथेच डोकं आपटत बसतात, पण नवीन टाइमलाइन करताना यूज प्रोजेक्ट सेटिंग्जची टिक काढली की फॉरमॅटमध्ये जाऊन त्या टाइमलाइनपुरता वेगळा रेट देता येतो. मग जुन्यातले कट्स सिलेक्ट करून नवीनमध्ये पेस्ट करा. जुनी टाइमलाइन अख्खी उचलून नेस्ट करू नका, म्हणजे एकाच क्लिपसारखी नवीनमध्ये टाकू नका, नाहीतर तिच्यातल्या डबल फ्रेम्स पण सोबत येतात. पेस्ट केल्यावर कट एखाद्या फ्रेमने इकडेतिकडे सरकतात, दोन शॉटच्या मधे काळी फ्रेम राहून जाते, स्पीड रॅम्प (शॉटमधेच वेग बदलणं) आणि की-फ्रेम (बदल कुठे सुरू होतो, कुठे संपतो त्या खुणा) बघावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते एकदाच करायचं.

आवाज हळूहळू सरकत जातो तेव्हा सगळे ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाच्या सॅम्पल रेटमधल्या फरकाला, शिव्या देतात. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो, सॉफ्टवेअर ते आपोआप जुळवून घेतं. खरा गुन्हेगार असतो व्हेरिएबल फ्रेम रेट, म्हणजे एकाच फाइलमध्ये कमी-जास्त होत राहणारा. फोन उजेड कमी झाला की फ्रेम कमी काढतो, स्क्रीन रेकॉर्डर पण तसेच, आणि फाइलवर लिहिलेला आकडा नुसती सरासरी असते. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल दिसलं तर हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट करून घ्या, क्वालिटी चढी ठेवून, आणि हे एडिटच्या आधी. नंतर केलंत तर लावलेले कट्स पुन्हा तपासत बसाल.

रेझोल्यूशनचं एवढं टेन्शन नाही, ते कधीही बदलता येतं, टायटल्स आणि पोझिशन तेवढ्या परत बघायच्या. फक्त प्रीमियरमधल्या स्केल टू फ्रेम साइज आणि सेट टू फ्रेम साइज यातला फरक ओळखा, व्हर्जननुसार नावं थोडी वेगळी दिसतील. पहिलं ४के क्लिपला १०८० मध्ये दाबून टाकतं, नंतर झूम केलं की चित्र फुटतं, दुसरं फक्त स्केलचा आकडा बदलतं आणि मूळ पिक्सेल शाबूत राहतात. मी कायम दुसरंच वापरतो. रंगांचं म्हणाल तर आयफोनची एचडीआर (जास्त उजेड-अंधार टिपणारी) क्लिप रेक ७०९ च्या, म्हणजे साध्या व्हिडिओच्या रंगांच्या, टाइमलाइनवर आकाश पांढरंफटक करते, तेव्हा एक्सपोजर ओढत बसू नका, क्लिपची कलर स्पेस (रंग वाचायची पद्धत) एचएलजी, म्हणजे एचडीआरचा एक प्रकार, आहे हे सॉफ्टवेअरला सांगा.

आता कुणी विचारेल की एडिट तयार आहे, टाइमलाइन चुकलीये आणि आजच रात्री द्यायचंय, मग काय? तर मग मुलाखत असेल तर आहे तसं द्या, कुणी बघणार नाही. पॅन असलेले शॉट तेवढे शोधा आणि तेवढेच नीट करा. आणि एक्सपोर्टला ६० निवडून सगळं स्मूद होईल या आशेवर राहू नका, २५ च्या टाइमलाइनमधून ६० काढलं तर त्याच फ्रेम दोनदा-तीनदा छापल्या जातात. एक्सपोर्टचा आकडा टाइमलाइनच्या आकड्याएवढाच ठेवा.